खबरी नेमण्याचा ठराव

मी अडीच महिने पोलिसांची खबरी होते. ज्या संघटनेच्या खबरा मी पोहोचवत होते, तिची सचिवही मीच होते. यात मला तेव्हा काही चूक वाटली नाही आणि आजही वाटत नाही. लाज वाटायचीच असेल तर ती दुसऱ्या लोकांना वाटायला हवी. ते लोक कोण, ते पुढं येईलच.

संघटना म्हणजे आमच्या गावची प्रवासी समिती. वर्धा जिल्ह्यात, हमरस्त्यापासून चार किलोमीटर आत आमचं गाव. नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की डेपो कळेल, ठाणं कळेल, आणि एका माणसाची पेन्शन अजून सुरू व्हायची आहे. गावात सकाळी सहाला एक लाल गाडी यायची. वांगी, मेथी, सांभाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बाजाराला निघालेल्या बाया त्या गाडीनं जायच्या, शाळा-कॉलेजची पोरं जायची, आणि माझी धाकटी बहीण जायची. ती वर्ध्याला नर्सिंग शिकत होती. गावातली पहिलीच.

दिवाळीनंतर ती गाडी बंद झाली. डेपोत विचारलं तर एका शब्दात उत्तर मिळालं, "भारमान." म्हणजे गाडीत पुरेशी माणसं बसत नाहीत. मी म्हटलं, साहेब, माझी बहीण वर्षभर उभी राहून गेली आहे, बसायला जागा नव्हती म्हणून. ते म्हणाले, सर्वेक्षण झालं आहे. कुणी केलं, कधी केलं, ते त्या सर्वेक्षणालाच ठाऊक.

बाबा वाईट माणूस नाहीत. पहिले चार दिवस त्यांनी तिला सायकलवर बसवून हमरस्त्यापर्यंत सोडलं. पाचव्या दिवशी अंधारात त्यांना वळण दिसलं नाही आणि दोघंही नालीत गेली. त्यानंतर त्यांनी शांतपणे सांगितलं, "परीक्षेच्या फॉर्मपर्यंत पाहू. हजेरी भरली तं ठीक. नाई तं घरी बसजो." बहिणीच्या कॉलेजात पहिल्या तासाला हजेरी लागायची आणि गाडीशिवाय पहिला तास गाठणं म्हणजे नशिबाचा भाग. कधी भाजीच्या ऑटोत मेथीच्या पोत्यावर जागा मिळायची, कधी नाही.

मी लिहायला शिकले ती पत्रकं लिहून. कॉलेजात होते तेव्हा वसतिगृहाच्या पाण्यासाठी पहिलं लिहिलं, मग थांबलेच नाही. एक पान, दोन्ही बाजू, झेरॉक्स काळी निघाली तरी वाचता येईल एवढं अक्षर. वर अन्याय सांगायचा, मध्ये मागणी करायची, खाली इशारा द्यायचा. इशारा नसलेलं पत्रक म्हणजे अळणी वरण. गाडीसाठी मी डेपोला चार निवेदनं दिली, तहसीलला दोन. सगळ्यांवर आवक शिक्का बसला. शिक्का मारणारा माणूस फार मन लावून मारतो, कागद सरळ करून, शाईचा अंदाज घेऊन. मी विचारलं, पुढं काय होतं? म्हणाला, "आत जाते." आत कुठं? "आत."

आता जमादार. आमच्याकडे ठाण्यातल्या हवालदाराला जमादार म्हणतात. हे गोपनीयचे जमादार, म्हणजे साध्या कपड्यात फिरायचं, कोण सभा घेतंय, कोण मोर्चा काढतंय ते हेरायचं आणि वर कळवायचं, ही त्यांची नोकरी. गोपनीय इतके की गावात शिरले की पानठेलेवाला ओरडायचा, "सीआयडी आले, खुर्ची द्या रे." अंगात फिकट गुलाबी शर्ट, पायात खात्याचे तांबडे बूट. आमच्या समितीच्या पहिल्या सभेला ते आमच्याआधी हजर होते. मला फोन आला.

"ताई, चारची मीटिंग होती ना तुमची? मी येऊन बसलो हाव पारावर. तुमचं तं कोणीच नाई."

"येऊन राह्यलो काका. शेजारच्या काकूची म्हैस सुटली."

"लवकर या बाप्पा. मले पुढं जत्रेले बंदोबस्त हाये."

पुढं पुढं आम्ही सभा त्यांच्या सोयीनं ठेवायला लागलो. ज्याच्यावर पाळत ठेवायची त्यानंच वेळ सांभाळून घ्यायची, हे मला तेव्हा विचित्र वाटलं नाही. ते मुकाट्यानं मागं बसायचे, चहा घ्यायचे, पत्रकाची एक प्रत घडी करून खिशात टाकायचे. मी त्यांच्या वाटणीची प्रत बाजूलाच काढून ठेवत असे.

एका दुपारी ते पानठेल्यावर मोबाईल हातभर लांब धरून एका बोटानं काहीतरी लिहीत होते. मी मागून वाचलं. त्यांच्या हद्दीतल्या गावांची यादी होती आणि प्रत्येक गावापुढं एकच शब्द. निरंक. आमच्या गावापुढंही निरंक.

"हे काय हो काका?"

"निरंक. म्हंजे काही घडलं नाई. रोज संध्याकाळी वर पाठवा लागते."

"आमच्या गावात काही घडलं नाई?"

"मंग काय घडलं? दंगा हाये का? मोर्चा हाये का?"

"रोज सकाळी चाळीस माणसं थांब्यावर उभी रायते. गाडी नाई. थंडीनं कुडकुडून राह्यले सगळे."

"उभी रायते ना? उभं राह्यल्यानं काय होते?"

"चाळीस माणसं एका जागी उभी म्हंजे तुमच्या भाषेत काय म्हणते?"

त्यांनी मोबाईल खाली घेतला. "जमाव म्हणा लागन," ते नाइलाजानं म्हणाले.

मी विचारलं, हे वर जातं ते वाचतं कोण? म्हणाले, ठाणेदार साहेब. नवीन आहेत, तरुण आहेत, शब्द न् शब्द वाचतात. "परवा एका गावात बॅनर फाटलं म्हणून लिहलं, तं अर्ध्या घंट्यात जीप गेल्ती."

माझी सहा निवेदनं आत कुठंतरी पडून होती, सह्यांसकट. आणि इथं एका फाटक्या बॅनरसाठी अर्ध्या तासात जीप. म्हणजे नागरिकानं लिहिलं तर शिक्का, आणि नागरिकावर कुणी लिहिलं तर जीप! मी तिथंच ठरवलं की यापुढं आमचं टपाल या खिडकीतून जाईल. जमादारांनाही तेच हवं होतं. "तूच लिहून देत जाय ना बेटा. माहं बोट एका वक्ती दोन अक्षरावर पडते. मी पुढं पाठवून देईन."

पण चळवळीत खबरी ही शिवी आहे. चोरून करायचं नव्हतं. मी विषय समितीपुढं ठेवला. आमचे अध्यक्ष निवृत्त गुरुजी. ठरावाशिवाय ते पाणीसुद्धा पीत नाहीत. उपाध्यक्ष म्हणजे शेजारच्या काकू, ज्यांच्या मेथीला बाजारात नाव आहे. मी सगळं सांगितलं. काकूंनी एकच विचारलं, "म्हंजे आपली चुगली आपणच करायची?"

"हाव."

"मंग करू. निदान खरी तं होईन."

गुरुजींनी वही उघडली आणि वळणदार अक्षरात ठराव क्रमांक सात लिहिला. सकाळच्या गाडीच्या प्रश्नी पोलीस खात्यास खरी व वेळेवर माहिती मिळावी यास्तव समितीच्या सचिवांस खबरी म्हणून नेमण्यात येत आहे. सचिवांनी वाढवून लिहू नये. हे शेवटचं वाक्य माझा स्वभाव ओळखून घातलं होतं. अनुमोदनाला जमादारांनीच हात वर केला. गुरुजी चष्म्यावरून बघत म्हणाले, "आपण सभासद नाही. हात खाली घ्या." मग काकूंनी अनुमोदन दिलं.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले. जमादारांच्या जुन्या अहवालांवरून भाषा उचलली. माणूस नाही, इसम. आज नाही, आज रोजी. माझा पहिला अहवाल असा होता: आज रोजी सकाळी पावणेसहा ते सव्वासात दरम्यान बसथांब्यावर महिला व विद्यार्थी अशा एकूण अडतीस इसमांचा जमाव. जमावाजवळ मेथी, वांगी व दप्तरे. जमावाचा उद्देश गाडीत बसणे. गाडी आली नाही. पैकी अकरा इसम भाजीच्या ऑटोत चढले, काही इसम पायी रवाना, उर्वरित घरी परत. परिस्थिती नियंत्रणात.

खबरी म्हटलं की लपून पाहावं लागतं, असा माझा समज. मी लिंबाच्या झाडामागं वही घेऊन उभी राहायचे. काकू तिथून ओरडायच्या, "थिकडून काय दिसते तुले? इकडं ये अन् नीट मोज!" हळूहळू सगळ्या थांब्याला कळलं की आपण रोज पोलिसांत जातो. बाया पदर नीट करून उभ्या राहायला लागल्या. एकीनं मला अडवून विचारलं, "माहं नाव टाकलं का?" नावं टाकत नाही म्हटलं तर तिला वाईट वाटलं. काकू रोज अहवाल ऐकायच्या, पाठवण्याआधी. "आज म्या मेथी नेली. सांभार काऊन लिहलं?" मी दुरुस्त करायचे. इतकं तपासून लिहिलेलं गोपनीय दुसऱ्या कुठल्या ठाण्यात जात असेल, असं मला वाटत नाही.

पण गाडी येईना. जीपही येईना. आणि फॉर्मची तारीख जवळ यायला लागली.

मग तो दिवस आला. ऑटोत पोत्यांमुळं जागा नव्हती. बहीण हमरस्त्यापर्यंत पायी गेली, तिथं दोन भरलेल्या गाड्या न थांबता गेल्या, वर्ध्याला पोहोचली तेव्हा कॉलेजचे पहिले दोन तास होऊन गेले होते. तिथल्या बाईंनी तिला हजेरीची वही दाखवली. अजून पाच दिवस चुकले तर फॉर्म भरता येणार नाही. संध्याकाळी घरी येऊन तिनं पांढरा ड्रेस धुवायला न टाकता घडी करून ट्रंकेत ठेवला. बाबांनी बघितलं आणि ते उठून गोठ्यात गेले.

मी मोबाईल घेतला. सुरुवात आज रोजीनंच केली होती, हे नक्की. पुढं हात माझा राहिला नाही. शेवट असा झाला: जनतेच्या सहनशीलतेचा अंत पाहू नये! आठ दिवसांत गाडी सुरू न झाल्यास हमरस्त्यावर तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामांस प्रशासन जबाबदार राहील, याची गंभीर नोंद घ्यावी! काकूंना वाचून न दाखवता मी ते जमादारांना पाठवलं. जमादारांनी ते न वाचता ठाणेदारांना पाठवलं. त्यांचा माझ्यावर विश्वास बसला होता, हाच घोटाळा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले आणि खुर्चीवर बसले नाहीत.

"काय लिहलं ताई थे? साहेब म्हणते, जमादार, तुम्ही कोणाले धमकी देऊन राह्यले? मले?"

मला हसू आलं होतं. त्यांच्या चेहऱ्याकडं बघून ते गेलं.

"म्हणते, हे काही अहवाल नाई, हे पत्रक हाये. तुमच्या खबऱ्याले घेऊन या. उद्या अकरा वाजता. अन् उद्या अकरालेच डेपोचे साहेब बलावले आंदोलनाच्या चर्चेले, अन् समितीच्या सचिवाले बी. आता सांग मले, तू दोन खुर्च्यांवर कशी बसशीन?"

काकू म्हणाल्या, "मी होतो खबरी. तोंडावरून पदर घेतो, कोण ओळखते?"

जमादारांच्या चेहऱ्यावर क्षणभर आशा आली. ते म्हणाले, "बोलाल नाई ना काही?"

"असं कसं नाई बोलणार? गाडीचं तं बोलीनच."

आशा गेली. मी सांगितलं की कुणी सोंग घेणार नाही. ठराव आहे, वही आहे, वही घेऊन जाऊ. जमादार म्हणाले की त्या वहीमुळंच त्यांची नोकरी जाईल. मी म्हटलं, खोटं बोललात तर नक्की जाईल. सरळ बोलायची मला सवय आहे, पण तेव्हा मी त्यांची माफीही मागितली. न सांगता तसं पाठवायला नको होतं. माफी मी सहसा मागत नाही. त्यामुळं तेही थोडे गांगरले.

ठाणेदार माझ्याहून फार तर पाच-सहा वर्षांनी मोठे असतील. टेबलावर कागदांचा गठ्ठा. समोर डेपोचे साहेब फाईल मांडीवर घेऊन बसलेले. त्यांनीच सुरुवात केली. "साहेब, त्या गावात प्रवासीच नाहीत. गाडी रिकामी धावायची. दोन-चार लोक उगाच तापवतात."

ठाणेदारांनी माझ्याकडं बघितलं. "समितीच्या सचिव?"

"मी."

"बरं. जमादार, तुमचा खबरी कुठाय?"

जमादारांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं असं बघितलं जणू खबरी तिथं टांगलेला आहे.

"तोपण मीच," मी म्हटलं आणि ठराव सातचं पान उघडून वही पुढं सरकवली.

त्यांनी एकदा वाचलं. परत पहिल्यापासून वाचलं. शेवटची ओळ मोठ्यानं वाचली. "सचिवांनी वाढवून लिहू नये." मग मला म्हणाले, "परवा वाढवून लिहिलंत?"

"इशारा माझा होता. जमाव खरा होता. रोजचा प्रत्येक आकडा खरा आहे, आमच्या उपाध्यक्ष तपासतात."

ते गठ्ठा चाळू लागले. एक कागद काढला. "हे तुम्हीच लिहिलंय? एक अनोळखी इसम मोटारसायकलवर, हेल्मेट न काढता पंधरा मिनिटे थांब्याजवळ उभा, हालचाली संशयास्पद, चहा विचारला असता नकार दिला."

"हो. काकूंनी विचारला होता चहा."

"तो मी होतो," ठाणेदार म्हणाले. "दोनदा आलो होतो. खरं लिहिता का ते पाहायला. मीही मोजले होते. एकोणचाळीस. तुमच्याकडेही एकोणचाळीस."

जमादारांनी कॅलेंडरवरची नजर आता कुठं काढली. मला मात्र राग आला आणि मी तो बोलून दाखवला. दोनदा येऊन बघितलंत, मग गाडी का नाही आली? ते म्हणाले, गाडी सोडणं माझं काम नाही. हे उत्तर मला सहा टेबलांवर मिळालेलं होतं. फरक एवढाच की हे बोलून ते थांबले नाहीत. डेपोच्या साहेबांकडं वळले.

"तुम्ही लेखी देताय की तिथं प्रवासी नाहीत. माझ्याकडे रोजचं लेखी आहे की तिथं चाळीस माणसांचा जमाव असतो. दोन्ही कागद सरकारी. उद्या हमरस्त्यावर हे लोक बसले आणि मला वरून विचारलं की कोणता कागद खरा, तर मी कोणता दाखवू?"

"साहेब, जमाव म्हणजे काही प्रवासी नव्हे."

"मग गाडी पाठवा आणि बघा, जमाव चढतो का."

डेपोचे साहेब फाईलमध्ये बघत राहिले. त्या फाईलमध्ये माझी चारही निवेदनं असणार, शिक्क्यांसकट. अखेर त्यांनी सांगितलं, सोमवारपासून, प्रायोगिक तत्त्वावर. मी म्हटलं, लेखी द्या. त्यांनी दिलं. ठाणेदारांनी मला इशाऱ्याबद्दल रीतसर नोटीस दिली, मी सही करून ती घेतली आणि जमादारांना हुकूम झाला की उद्यापासून स्वतः टाइप करायचं. बाहेर आल्यावर ते पायरीवर बसले आणि म्हणाले, "बोट दुखन, पण नोकरी रायली बाप्पा."

लोक हा किस्सा ऐकून हसतात. मीही सांगताना हसते. पण त्या चाळीस बाया-पोरं हात जोडून उभी होती तेव्हा कुणाला दिसली नाहीत, आणि पोलिसांच्या कागदावर जमाव झाली तेव्हा पहिल्यांदा मोजली गेली, हे मला अजून पचलेलं नाही. काकू ठाण्यात आल्या असत्या तर तिथंच हे बोलल्या असत्या. मी इथं लिहिते आहे.

सोमवारी गाडी आली. पहाटे थांब्यावर एवढी माणसं की कंडक्टर दारातच म्हणाला, "सगळं गाव कुठं निघालं?" काकू पहिल्या चढल्या आणि पोतं ड्रायव्हरच्या मागं टाकलं. माझी बहीण मात्र नव्हती. आदल्या रात्री धुतलेला ड्रेस वाळला नव्हता आणि ती घरी इस्त्रीनं वाळवत बसली होती. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. तेवढ्यात बाबा गर्दीतून पुढं आले आणि गाडीच्या नाकासमोर जाऊन उभे राहिले.

"काका, बाजूले व्हा. टाइम झाला."

"दोन मिनिट थांब बावा. पोरगी निघाली हाये घरून."

"रोज असंच करान का?"

"नाई नाई. उद्यापासून मी उठवतो तिले."

ती धावत आली, ओल्या बाह्यांची, आणि चढली. जागा नव्हतीच. दांड्याला धरून उभी राहिली. गाडी वळणावरून जाईपर्यंत बाबा रस्त्यातच उभे होते.

त्यानंतर तिचा एकही दिवस चुकला नाही. हजेरी भरली, लागत होती त्याहून तीन दिवस जास्तच भरली. फॉर्म घरी आणला त्या संध्याकाळी बाबांनी चष्मा पुसून तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, परत एकदा वाचला, पालकाच्या रकान्यात सही केली आणि तिला विचारलं, "पुढच्या वर्षीचा बी आणला असता तं त्याच्यावरही केली असती. कधी भेटते थो?"